आरसा बसल्याचा आवाज

आमच्या दादाला सगळे 'स्टेथो' म्हणतात. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा हा गाडीला स्क्रूड्रायव्हर लावतो, म्हणून. हातभर लांब, लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर आहे त्याच्याकडे. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सगळ्यांना गप्प करायचं. मग सांगायचं, "पंपाचं बेअरिंग जातंय. गावात फिरवा, लांब नेऊ नका." गाडी खोलली की तेच निघायचं. लोक तोंडात बोट घालायचे आणि हा शर्टाच्या बाहीने मूठ पुसत दुसऱ्या गाडीकडे वळायचा. थोडा मिजासखोर होता, नाही असं नाही. पण हातात कला असलेल्या माणसाची मिजास खपून जाते.

तसं त्याचं मूळ काम गाडीच्या विजेचं. काच वर-खाली करणाऱ्या मोटरी, वायपर, दिवे आणि मुख्य म्हणजे बाजूचे आरसे. बटणावर हलणारे, घडी होणारे, थंडीत काच तापवणारे आरसे हल्ली सगळ्याच गाड्यांना असतात, आणि सगळ्यांचेच कधी ना कधी रुसतात. दादाच्या गाळ्याला लागून माझा गाळा. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मधे एक प्लायवूडची भिंत आहे, तीही वरपर्यंत पोचत नाही. माझ्याकडे जाड कापडाची शिलाई मशीन आहे, जड आणि हट्टी. तिला तेल लागतं. ते घालायला मी कंटाळा करते, आणि मशीन कोरडी पडली की बारीक कुरकुर करायला लागते. मला ती कधीच आधी ऐकू यायची नाही. भिंतीपलीकडून, समोर इंजिन घुरघुरत असतानासुद्धा, दादाचा आवाज यायचा, "धाकटे, तेल."

एवढंच. दोन शब्द. मला असा राग यायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईला तिच्याच दुकानात कुणी शिकवत असेल तर येणारच. मी म्हणायची, "तुझ्या गिऱ्हाइकांना सांग." आणि गुपचूप तेल घालायची, कारण तो कधी चुकत नसे.

गेल्या थंडीनंतर कधीतरी ते 'धाकटे, तेल' यायचं बंद झालं. आधी मी खूश होते. वाटलं, मशीन सुधारली, नाहीतर दादा सुधारला. मग एक दिवस कव्हरचं माप द्यायला आलेला माणूस म्हणाला, "ताई, मशीनला काय झालंय हो? दातात कळ जाते." मी पाय काढला आणि नीट ऐकलं तर खरंच ती किंचाळत होती. भिंतीपलीकडे दादा अगदी शांतपणे कसलीतरी वायर सोलत बसला होता.

त्या दिवसापासून मी मुद्दाम तेल घातलं नाही. म्हटलं, बघूया. रोज सकाळी मशीन सुरू करायची आणि एक कान भिंतीकडे लावून शिवत बसायची. मशीन रोज थोडी जास्त ओरडायची. समोरचा पंक्चरवाला येऊन म्हणाला, "मावशी, एक तर तेल घाला नाहीतर मला विष घाला." दादा मात्र काही बोलला नाही. 

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मागून हाक मारली तर हा वळत नाही. लोक म्हणायला लागले, स्टेथोला हल्ली चरबी चढली, हाकेला ओ देत नाही, मोठ्या गाड्या यायला लागल्या ना. दादानेही ते उडवून लावलं नाही. उलट त्याला ते बरंच वाटलं असावं. लोकांनी गर्विष्ठ म्हटलेलं चालत होतं, दुसरं काही म्हणायला नको होतं. गिऱ्हाईक बोलत असताना तो त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतोय. स्क्रूड्रायव्हर तर हातातून सुटेना. एकदा एका माणसाचा हॉर्न दुरुस्त केला आणि तो वाजतो की नाही हे बघायला याने हॉर्नला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानामागे धरली. सगळी गल्ली दचकली तो हॉर्न ऐकून, आणि हा डोळे मिटून म्हणतो, "हां, आता आवाज आहे." लोक हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. 

वहिनीला माहीत होतं. बायकोला कळणार नाही तर कुणाला कळणार? मी घरी गेले तेव्हा बघितलं, ती त्याला जेवायला हाक मारत नव्हती, खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करत होती. त्याचा फोन तिने थरथरण्यावर ठेवून त्याच्या शर्टाच्या खिशात घातला होता. बोलायच्या आधी ती त्याच्या दंडाला हात लावायची. इतकं सहज की कुणाला वाटावं, या वयात काय प्रेम उतू चाललंय.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, कधीपासून?"

ती भांडी पुसत राहिली. "वन्सं, हळू बोला," म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळून हसली, कारण हळू बोलायची गरज कुठे होती?

"डॉक्टरकडे का नेत नाहीस?"

"मी विषय काढला की हे उठून जातात. एकदा म्हणाले, मला खुर्चीत बसवायची घाई झालीय का तुला? तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? तुम्ही मात्र बोलू नका बरं. चारचौघांत तर नकोच. त्यांचं त्यांना मान्य होऊ दे."

खुर्ची म्हणजे आमच्या बाबांची. बाबा पत्र्याचं काम करायचे. गाडीचा चेपलेला पत्रा आतून ठोकून काढायचा, दिवसभर, आयुष्यभर. कानात कापूस घालणं म्हणजे त्यांना नखरे वाटायचे. उतारवयात पार ऐकू येईनासं झालं, तेव्हा घरच्या दाराशी एक लोखंडी खुर्ची टाकून त्यांना बसवलं. सुरुवातीला सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. ओरडून माणूस दमतो. मग 'बाबांना नंतर सांगू' असं व्हायला लागलं, आणि नंतर कुणी सांगायचं नाही. आत्या गेली तेही त्यांना उशिरा कळलं, घरात सगळे का रडताहेत ते त्यांनी चेहऱ्यांवरून ताडलं होतं. आम्ही सगळे हसलो की ते एक क्षण उशिरा हसायचे, कशाला ते माहीत नसताना. आणि मग विचारायचे, "माझ्याबद्दल बोलताय का?"

हे वाक्य ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. आम्ही हाताने नाही-नाही करायचो. दादा तिथून उठून जायचा. त्याला ते बघवत नसे. त्याने बाबांचं तोंड बंद होताना बघितलं, आणि ते गेल्यावर ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकली.

म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प राहणं हे आमच्या घरात आश्चर्य समजलं जातं.

पण काम तर चालूच होतं. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर एक दिवस हसत हसत आला. दादाने बसवलेल्या आरशाची काच बाहेर येऊन दोन वायरींना लोंबकळत होती. "मिस्त्री, डोळा बाहेर आलाय हिचा," तो म्हणाला. वायरी होत्या म्हणून काच रस्त्यावर पडली नव्हती. दादाने त्याच्या ओठांकडे बघितलं, काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठेतरी घासली असेल." ड्रायव्हर बिचारा म्हणाला, असेल. दादाने ती पुन्हा बसवून दिली. तेव्हा मला कळलं की आता हा फक्त आमच्या घरातला प्रश्न राहिला नाही.

ते कसं, हे सांगायला हवं. आरशाची काच मागच्या बाजूने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसते. बसली की मागचं काही दिसत नाही. अर्धवट बसलेली आणि पूर्ण बसलेली काच बाहेरून हुबेहूब सारखी. दाबताना आधी एक बोदा 'थप' होतो, तेव्हा ती नुसती अडकलेली असते. आणखी दाबली की 'टक' होतं, कोरडं आणि स्वच्छ, तेव्हा ती बसते. काचेला तडा जाऊ नये म्हणून मधे फडक्याची घडी धरावी लागते, आणि घडीतून दोन्ही धक्के तळहाताला सारखेच लागतात. फरक आहे तो फक्त आवाजाचा. दादाची पद्धत अशी की काच दाबताना तो गिऱ्हाइकाला शेजारी उभं करायचा. 'टक' झालं की विचारायचा, "ऐकलंत?" गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की म्हणायचा, "आता विसरा." हीच त्याची पावती आणि हीच त्याची हमी. आणि नेमकं याच कामात स्क्रूड्रायव्हर चालत नाही, कारण दोन्ही तळहात काचेवर असतात.

मग एक दातांच्या डॉक्टरबाई आल्या. गडद हिरवी, दोन दारांची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. बाई साठीच्या, केस पांढरे, गाडीतून उतरताना गुडघ्यांना हात लावून उतरल्या आणि उतरल्यावर स्वतःलाच हसल्या. "या वयात असली गाडी घ्यायची नसते," म्हणाल्या. "पण आता घेतली. मिस्त्री, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा खाली मान घालून बसलाय. बटण दाबलं की नुसता गुरगुरतो. उद्या सकाळी हायवेने जायचंय, वडिलांना आणायला."

दादाने त्यांचा शब्दन् शब्द ओठांवरून उचलला. "बसा आत. बटण दाबत राहा."

त्याने आरशाच्या घराला, म्हणजे काचेभोवतीच्या टोपणाला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे धरली. मी माझ्या दारात फोमची पट्टी कापत उभी होते. तो डोळे मिटून उभा राहिला आणि मला जुना दादा दिसला. "मोटर फिरतेय," तो म्हणाला. "आतलं छोटं चाक घसरतंय. दाते गेलेत किंवा चाक चिरलंय."

"आमच्याकडेही असाच आवाज करणारं यंत्र असतं," बाई म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे माणूसही ओरडतो."

दादा हसला. क्षणभर उशिरा हसला. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण ते हसू मी ओळखत होते.

त्याने आरशाच्या घराच्या कडेला चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा नको म्हणून. काच हाताने एका बाजूला कलवली, मागे प्लॅस्टिकची पट्टी सरकवली आणि हलके हलके उचकटत गेला. क्लिपा एकेक करून सुटल्या. काच हातात आली तशी त्याने मागच्या दोन तापवायच्या वायरी चिमटीत धरून काढल्या आणि काच माझ्याकडे दिली. मी ती सीटच्या फोमवर ठेवली. मग आतले स्क्रू, मग मोटरीचा डबा. टेबलावर फडकं पसरून त्याने डब्याचे दोन भाग वेगळे केले. आत एक मोटर आरसा वर-खाली हलवणारी, एक डावी-उजवीकडे हलवणारी, आणि त्यांची छोटी पांढरी चाकं. त्यातलं एक आसाजवळ चिरलेलं होतं, केसाएवढी चीर. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर दाढच."

अशा मोडक्या आरशांचा दादाकडे खोका भरलेला असतो. त्याने शोधून शोधून त्याच मापाचं चाक काढलं, साबणाच्या पाण्यात धुतलं, बोटाच्या टोकावर ग्रीस घेऊन लावलं. हात असे चालत होते की बघत राहावं. एकही स्क्रू खाली पडला नाही, एकदाही शोधाशोध नाही. मला वाटलं, वहिनी म्हणते तेच खरं. कशाला बोलायचं? याला सगळं येतंय.

डबा परत बसला. वायरी लागल्या. बाईंनी बटण दाबलं, क्लिपा असलेली मधली चकती चारी बाजूंना डुलली. दादाने माझ्याकडे हात केला, मी काच दिली. त्याने फडक्याची घडी काचेवर ठेवली, दोन्ही तळहात टेकवले आणि बाईंना म्हणाला, "इकडे उभ्या राहा. लक्ष द्या."

तो दाबत गेला. 'थप' झालं.

तो थांबला. बाईंकडे वळून म्हणाला, "ऐकलंत?"

"हो," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी काहीतरी ऐकलंच होतं, आणि एवढ्या जाणत्या माणसाने विचारल्यावर कोण नाही म्हणेल?

"आता विसरा," दादा म्हणाला आणि फडकं खांद्यावर टाकलं.

मी तिथेच उभी होते. वहिनीचा शब्द आठवत होता, चारचौघांत तर नकोच. आणि डोळ्यांसमोर हायवे होता, बाईंचे म्हातारे वडील शेजारच्या सीटवर, आणि मागून येणारा कुणीतरी दुचाकीवाला. त्या बुटक्या गाडीच्या आरशातून निघालेली काच कुणाच्या तोंडावर बसेल हे काय सांगता येतं? बाई पर्स उघडत होत्या. दादा हात पुसत होता. मी बोलले.

"दादा, बसला नाही तो."

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं नव्हतं. मी पुढे गेले, त्याच्या समोर उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, "आरसा बसला नाही. टक झालं नाही."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला भरगल्लीत थोबाडीत मारली होती. "झालं," तो म्हणाला. "मी ऐकलं. यांनीही ऐकलं. तू तुझी कव्हरं बघ."

एरवी असं कुणी बोललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. आता मी गाडीशी गेले, काचेच्या कोपऱ्यात दोन बोटं घातली आणि ओढली. काच अलगद बाहेर आली. वायरींना लटकत माझ्या हातात राहिली.

पंक्चरवाला हातातलं काम सोडून बघत होता. बाईंनी आधी काचेकडे, मग दादाकडे बघितलं. दवाखान्यात माणसं वाचायची सवय असलेल्या बाई, त्यांना एका क्षणात कळलं. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू विचारलं, "यांना कधीपासून कमी ऐकू येतंय?"

मीही तसंच हळू, मान खाली घालून म्हटलं, "थंडीनंतर असावं. घरात कुणी बोलत नाही."

तेवढ्यात दादा म्हणाला, "माझ्याबद्दल बोलताय का?"

आवाज त्याचा होता, पण वाक्य बाबांचं होतं. तेच शब्द, तोच शेवटी चिरकणारा सूर. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो बोलून गेला आणि हाताने तोंड पुसलं, जणू ते शब्द पुसता येणार होते.  मला रडायलाच आलं, आणि रडायला आलं की मला राग येतो. बाबांना आम्ही हाताने नाही-नाही करायचो ना, तोच हात माझा वर यायला लागला होता. मी तो खाली घेतला.

मी दादाच्या अगदी समोर गेले. "हो," म्हटलं. "तुझ्याबद्दलच बोलतोय. आता तुझ्या तोंडावर बोलते. तुला ऐकू येत नाही. मला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, आता यांनाही कळलं. खुर्ची माळ्यावर आहे आणि माळ्यावरच राहणार आहे. ती मी खाली काढू देणार नाही. पण ही काच अशी जाणार नाही."

तो खाली बघत उभा राहिला. मग डोळे वर न करता त्याने काच माझ्या हातातून घेतली, वायरी तपासल्या, आणि पुन्हा गाडीसमोर उभा राहिला. फडक्याची घडी, दोन तळहात. तिथे तो अडला. दाबेना. त्याचे खांदे मला पाठीमागून दिसत होते. गर्विष्ठ म्हणतात ते हेच खांदे.

मी टेबलावरून त्याचा स्क्रूड्रायव्हर उचलला. इतक्या वर्षांत त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. टोक आरशाच्या घराला टेकवलं आणि मूठ त्याच्या कानामागे, हाडावर धरली. उंचीला पोचेना, टाचा वर कराव्या लागल्या. तो दचकला, पण बाजूला झाला नाही.

"दाब," मी म्हटलं. ते त्याला ऐकू गेलं नसणारच. पण त्याने दाबलं.

'थप' झालं. तो थांबला नाही. आणखी दाबत गेला, आणि मग आरशातून 'टक' असा स्वच्छ आवाज आला. माझ्या हातातल्या मुठीतून तो मलाही जाणवला. दादाने डोळे मिटले. तसाच उभा राहिला, दोन्ही हात काचेवर, आणि मी त्याच्या कानामागे मूठ धरून. 

"आला," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा हळू, "आला."

या वेळी त्याने बाईंना काही विचारलं नाही. बाईच त्याच्या समोर आल्या. आपला चेहरा त्याला नीट दिसेल असं उभं राहून, न ओरडता म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टर बसतात. हाडातून तुम्हाला ऐकू येतंय, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असेल. मी ठामपणे सांगणार नाही, तो माझा विषय नाही. पण या."

"बघू," दादा म्हणाला.

बाईंनी जाताना आरसा आतून फिरवून बघितला, त्यात मागे उभा असलेला दादा त्यांना दिसला असणार. गाडी वळणावरून गेली. दादाने हत्यारं पुसून जागच्या जागी लावली.  मी माझ्या गाळ्यात येऊन बसले आणि पाय मशीनवर ठेवला. शिवण वाकडी गेली, उसवली, परत वाकडी गेली. मनात म्हटलं, बोलू नका म्हणाली होती वहिनी. आता हा आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही. बाबांसारखा होऊ नये म्हणून बोलले, आणि मीच त्याला गल्लीसमोर बाबा केलं. मशीन किंचाळत होती. मला तिचंही भान नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतली शटरं पडायला लागली तेव्हा कुणाची तरी सावली माझ्या कापडावर पडली. दादा होता. त्याच्या हातात तेलाची चोचवाली बाटली होती. तो आत आला, त्याने माझ्या मशीनच्या मानेवर तळहात ठेवला आणि पायाकडे बोट दाखवलं. मी पाय दाबला. त्याचा हात मशीनवर थरथरत होता, मशीनच्या थरथरीने. तो तसाच उभा राहिला, बराच वेळ. कपाळाला आठी पडली.

"किती दिवस कोरडी चालवतेयस?" त्याने विचारलं.

मी पाय काढला आणि त्याच्याकडे तोंड केलं. "तू तेल म्हणायचं थांबवलंस तेव्हापासून."

त्याला कळलं, मी काय करत होते ते. चिडेल असं वाटलं. तो स्टूल ओढून बसला, एकेक भोक शोधून चोचीने तेल सोडत गेला, वरचं झाकण काढून आतही सोडलं. हे करताना मान खालीच होती.

"मला ऐकू आलं नाही, धाकटे," तो मशीनला म्हणाला. "एकदाही नाही."

मी त्याच्या दंडाला हात लावला, वहिनी लावते तसा. त्याने वर बघितलं. "उद्या सकाळी दोन्ही दुकानं उशिरा उघडू," मी म्हटलं. "त्या वरच्या मजल्यावर जाऊ. वहिनीलाही घेऊ."

त्याने झाकण बसवलं, सांडलेलं तेल फडक्याने टिपलं आणि पुन्हा पायाकडे बोट दाखवलं. मी मशीन चालवली. ती मुकाट, मऊ चालायला लागली. कुरकुर पार गेली. दादाने तळहात परत तिच्या मानेवर ठेवला, माझ्या ओठांकडे बघितलं आणि विचारलं,

"थांबला का आवाज?"